शेवटचा अंक सापडत नाही

जिम नावाचा एक निरोप्या न्यूयॉर्कमधल्या एका बँकेच्या पायरीवर उभा आहे. समोर ब्रॉडवेवरून माणसांचा लोंढा चाललाय आणि त्यातल्या फारशा कोणाची नजर त्याच्यावर ठरत नाही, कारण तो काळा आहे. शहरात चर्चा एकाच गोष्टीची: आज म्हणे पृथ्वी धूमकेतूच्या शेपटातून जाणार. बँकेचे अध्यक्ष जिमला तळघराच्याही खालच्या तळघरात पिटाळतात, जुनी दप्तरं हुडकून आणायला. खाली ओल, अंधार, जागा धोक्याची. मोलाच्या माणसाला तिथे कोण धाडणार? जिम उतरतो. तो परत वर येतो तेव्हा बँक मेलेली असते, रस्ता मेलेला असतो, सगळं न्यूयॉर्क जागच्या जागी कोसळलेलं असतं. जिम वाचला तो अशासाठी की त्याच्या जिवाची किंमत सगळ्यांत कमी धरली होती.

भूक लागल्यावर तो फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एका बड्या हॉटेलात शिरतो. मेलेल्या हातांतून ताट ओढून घेतो आणि बाहेर रस्त्यावर येऊन अधाशासारखा जेवतो. काल यांनी मला वाढलं नसतं, असं पुटपुटतो. आतली प्रेतं बघवत नाहीत म्हणून तो बाहेर येतो, असं कथा म्हणते. मला मात्र दर वाचनात वाटतं की अडवायला कोणी उरलं नाही, तरी पाय सवयीनेच दाराकडे वळले. पंगतीला कधी बसूच न दिलेल्या माणसाला एका दिवसात कुठून जमणार टेबलाशी बसून जेवणं?

ही 'द कॉमेट', डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची कथा, त्यांच्या 'डार्कवॉटर' या १९२० च्या पुस्तकातली. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे हे पहिले कृष्णवर्णीय. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक, आणि स्वभावाने पक्के गंभीर. हॅलेचा धूमकेतू १९१० च्या मे महिन्यात आला, तेव्हा त्याच्या शेपटात सायनोजेन हा विषारी वायू आहे या बातमीने लोकांची खरोखरच गाळण उडाली होती; दारांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. त्याच वर्षी डू बॉइस 'द क्रायसिस' हे मासिक काढायला न्यूयॉर्कला आले. लोक ज्याला जगाचा शेवट म्हणून घाबरले, त्यात या माणसाला एक शक्यता दिसली. जग बुडालं तर बुडू दे, पण मग त्यात रंगभेदही बुडेल का?

मी ही कथा वाचली ती 'डार्क मॅटर' या २००० साली निघालेल्या संकलनात, आणि वाचताना आधी जरा हिरमुसलो. आम्ही दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांवर वाढलेले; वायू कोणता, किती दाबाने, तळघरात कसा शिरला नाही, हे तपासायची खोड. डू बॉइस यांना त्यातलं काहीच पडलेलं नाही. त्यांना धूमकेतूशी कर्तव्य नाही, त्यांना ते रिकामं शहर हवंय. त्या शहरात जिमला एक श्रीमंत गोरी मुलगी भेटते, ज्युलिया, तीही योगायोगाने वाचलेली. दोघं मोटारीतून माणसं शोधत फिरतात. संध्याकाळी मेट्रोपॉलिटन टॉवरच्या माथ्यावर बसून ती त्याच्याकडे पहिल्यांदा माणूस म्हणून बघते. दोघांचे हात एकमेकांकडे जाणार, तेवढ्यात खाली मोटारीचा भोंगा वाजतो. तिचे वडील आणि तिचा वाग्दत्त वर आलेत. मेलं ते फक्त न्यूयॉर्क, बाकी जग शाबूत आहे. वडील जिमचे आभार मानतात, मला तुम्हा लोकांबद्दल नेहमीच आपुलकी वाटत आली म्हणतात, नोकरी लागली तर सांग म्हणतात. जमलेल्यांत कोणीतरी त्याला फासावर चढवायची भाषा करतो. मग गर्दीतून जिमची बायको येते, कडेवर मेलेलं मूल घेऊन.

एवढ्या मोठ्या प्रलयातून डू बॉइस यांनी जिमला किती वेळ काढून दिला? सकाळ ते संध्याकाळ. रात्र पडली की सगळं मूळपदावर.

काळ्या अमेरिकन लेखकांनी रंगवलेली भविष्यं मी नंतर जसजशी वाचत गेलो, तसतशी मला एक गोष्ट खटकत गेली, आणि मग तीच आवडायला लागली. बंड कसं होईल हे यांना दिसतं. गुप्त संघटना, दडलेलं शहर, विजेची शस्त्रं, अवकाशयान, सगळं दिसतं. पण जिंकल्यानंतरची सकाळ? तिथे कुठेतरी पान संपतं. कधी लेखक हात आखडता घेतो, कधी छापखाना, कधी पोलिसाची गोळी.

या प्रकाराला आज ॲफ्रोफ्युचरिझम म्हणतात. बारसं झालं १९९३ साली, मार्क डेरी नावाच्या गोऱ्या लेखकाच्या हातून. त्याने विचारलं होतं की ज्यांचा भूतकाळ ठरवून पुसून टाकला, त्यांनी भविष्याची चित्रं काढायची ती कशाच्या आधारावर. प्रश्न रास्त होता, पण फार उशिरा विचारलेला. लोक तोवर शंभराहून अधिक वर्षं ती चित्रं काढत होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मागे मागे जात राहिलं की मार्टिन डिलेनी लागतो. जन्म १८१२ चा. १८५० साली हार्वर्डच्या वैद्यकीय विभागाने त्याला प्रवेश दिला, आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी गिल्ला केल्यावर काढूनही टाकलं. गुलामगिरीतून पळून पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लसबरोबर त्याने 'नॉर्थ स्टार' हे पत्र चालवलं, वसाहतीसाठी जागा बघायला पश्चिम आफ्रिकेत जाऊन आला, पुढे यादवी युद्धात मेजर झाला. या धावपळीत त्याने 'ब्लेक' नावाची कादंबरी लिहिली. ती १८५९ मध्ये 'अँग्लो-ॲफ्रिकन मॅगझिन'मध्ये आणि मग १८६१-६२ मध्ये 'वीकली अँग्लो-ॲफ्रिकन'मध्ये हप्त्याहप्त्याने आली. हेन्री ब्लेक हा गुलाम. त्याच्या बायकोला मालक विकून टाकतो, ती पुढे क्युबात पोचते. हेन्री पळतो, पण नाकासमोर कॅनडाकडे पळत नाही. तो दक्षिणेतल्या राज्यांतून मळ्यामळ्याला फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी एका विश्वासू माणसाच्या कानात बंडाची योजना सांगून पुढे सरकतो.

आणि योजना काय? ती डिलेनी आपल्याला सांगतच नाही. हेन्री दोन मित्रांना घेऊन आडबाजूला जातो, तिघं गुडघे टेकतात, प्रार्थना होते, हेन्री बोलतो, मित्र थक्क होतात की इतकी सोपी गोष्ट आजवर कशी सुचली नाही. वाचक दाराबाहेर. आजचा संपादक हे पान परत पाठवेल, रहस्य वाढवलंत तर फोडा तरी म्हणेल. पण साल बघा. १८५८ च्या मे महिन्यात कॅनडातल्या चॅटमला, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउन या गोऱ्याने जी गुप्त परिषद भरवली तिला डिलेनी स्वतः हजर होता. १८५९ च्या ऑक्टोबरात ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला आणि डिसेंबरात तो फासावर गेला. ज्या काळात योजना कागदावर आली की गळ्याला दोर येतो, त्या काळात कादंबरीकारानेही जीभ आवरायची असते.

दुसऱ्या भागात हेन्री क्युबात जातो, आणि तिथे त्याला प्लासिडो भेटतो. प्लासिडो हा खरा कवी. १८४४ साली बंडाचा कट केल्याच्या आरोपावरून स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या होत्या. डिलेनीने त्याला कादंबरीत जिवंत ठेवला, हेन्रीचा नात्यातला भाऊ केला आणि क्रांतीच्या सभेत बसवला. मेलेल्या माणसाला हाताशी धरून इतिहास दुसऱ्या वळणावर न्यायचा, हे १८६१ मध्ये! सॅम्युएल डिलेनी हा हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीत जन्मलेला विज्ञानकथाकार, आडनावापलीकडे याच्याशी नातं नाही. त्याने नंतर म्हटलं की पर्यायी इतिहासाच्या विज्ञानकथेच्या जितकं जवळ जाता येईल तितकी ही कादंबरी गेली आहे.

क्युबातल्या गव्हर्नरच्या वाड्यावर गोफर गोंडोलियर नावाचा एक आचारी आहे. मांस कापायच्या सुरीचा एक खास नमुना त्याने बनवलाय, आणि तो कशासाठी हे त्याच्या मंडळींना ठाऊक आहे. चौऱ्याहत्तराव्या प्रकरणाच्या शेवटी हा गोंडोलियर गोऱ्यांच्या नावाने एक शाप उच्चारतो आणि निघतो. पुढे काही नाही. त्यानंतरचे, १८६२ च्या मे महिन्यातले अंक कोणालाच सापडलेले नाहीत. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते, त्यांत नेमका शेवटचा हप्ता असलेला अंक कोणीतरी ढापलेला असायचा आणि आम्ही पोरं खून कोणी केला यावर पैजा लावायचो. 'ब्लेक'च्या वाचकाची गत तीच झाली आहे. बंड झालं का? क्युबा सुटला का? हेन्रीने राज्य कसं चालवलं असतं? पुस्तकरूपात ही कादंबरी यायला १९७० साल उजाडलं, आणि तीही अशीच तुटकी आली. शेवट डिलेनीने लिहिला होता, बहुधा छापूनही आला होता. हरवला तो आपल्याकडून.

सटन ग्रिग्ज याच्या बाबतीत शेवट हरवला नाही, पण हाती लागतो तो विश्वासघात. ग्रिग्ज टेक्सासचा, बाप्टिस्ट धर्मोपदेशक. 'इम्पेरियम इन इम्पेरिओ' ही कादंबरी त्याने १८९९ मध्ये पदरमोड करून छापली आणि दारोदार फिरून विकली. टेक्सासमधल्या वेको गावी, एका महाविद्यालयाच्या आड, काळ्या अमेरिकनांचं आख्खं गुप्त सरकार चाललंय; लोकसभा आहे, सैन्य आहे, तिजोरी आहे. एका काळ्या पोस्टमास्तरला जमाव मारतो आणि या सरकारपुढे प्रश्न येतो की आता युद्ध पुकारायचं का. तो पोस्टमास्तर हवेतून आलेला नव्हता. १८९८ च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटीत फ्रेझर बेकर या पोस्टमास्तरचं घर जमावाने पेटवलं होतं, त्याला आणि त्याच्या तान्ह्या मुलीला मारलं होतं. कादंबरी लिहायला कठीण आणि वाचायलाही कठीण, भाषणंच भाषणं. पण शेवट चटका लावतो. युद्धाला नकार देणाऱ्या बेल्टन या नायकाला स्वतःचंच सरकार गोळ्या घालतं, आणि तो प्रकार बघून हादरलेला सरकारातलाच एक माणूस सगळं गुपित फोडून टाकतो. राज्य सुरू व्हायच्या आधीच बुडालं.

पॉलीन हॉपकिन्स यांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, एक तर त्या मासिकाच्या बाई होत्या म्हणून. बोस्टनमधून निघणारं 'कलर्ड अमेरिकन मॅगझिन' त्या सांभाळत आणि त्यातली रिकामी पानं स्वतःच्या लेखणीने भरत, कधी टोपणनावाने. 'ऑफ वन ब्लड' ही त्यांची कादंबरी १९०२ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर तिथे आली. हार्वर्डला वैद्यक शिकणारा रुएल ब्रिग्ज गोरा म्हणून वावरतो, खरं कोणाला सांगत नाही. पैशाच्या ओढगस्तीत एका इंग्रज मोहिमेबरोबर तो आफ्रिकेत मेरोई या प्राचीन नगराच्या अवशेषांपाशी जातो, आणि त्या अवशेषांच्या पलीकडे त्याला टेलासार सापडतं. हजारो वर्षं जगापासून लपलेलं, इथिओपियाच्या जुन्या ज्ञानाचं जिवंत शहर. रुएलच्या छातीवरची कमळाच्या आकाराची जन्मखूण बघून तिथले लोक त्याला ओळखतात: हाच आपला राजा. ज्या रक्ताची खूण त्याने बोस्टनमध्ये लपवली तीच इथे राजमुद्रा ठरते.

'ब्लॅक पँथर' चित्रपटातलं वकांडा हे लपलेलं राज्य बघून थिएटरबाहेर आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. वकांडा १९६६ चं, स्टॅन ली आणि जॅक किर्बी या दोन गोऱ्या माणसांनी कॉमिकसाठी काढलेलं. टेलासार त्याच्या त्रेसष्ट-चौसष्ट वर्षं आधीचं, एका काळ्या बाईने पंधरवड्याच्या घाईत लिहावं तसं लिहिलेलं. कथानकात योगायोगांचा सुकाळ आहे. कोण कोणाचा भाऊ निघेल याचा नेम नाही. पण शेवटच्या परिच्छेदात बाई एकदम खाली उतरतात. रुएल राजा झालाय, शाळा चालवतोय, आणि त्याला दिसतंय की बलाढ्य राष्ट्रं त्याच्या जंगलात आत आत शिरतायत. हे कुठे थांबणार, असं तो खिन्नपणे विचारतो. १९०३ साली इथिओपिया सोडला तर आफ्रिकेचा जवळपास सगळा नकाशा युरोपच्या रंगांनी भरत आला होता. बाईंना नकाशा वाचता येत होता, म्हणून सुखान्त करणं त्यांना जमलं नाही.

मासिकाची मालकी १९०४ मध्ये बदलली, पडद्यामागून बुकर टी. वॉशिंग्टन या सबुरीचा सल्ला देणाऱ्या काळ्या पुढाऱ्याचा हात होता, आणि तिखट लिहिणाऱ्या हॉपकिन्सबाई बाहेर पडल्या. पुढची बरीच वर्षं त्यांनी लघुलेखनिक म्हणून पोट भरलं, शेवटी एमआयटीत. १९३० साली घरच्या स्टोव्हवर त्यांच्या औषधात भिजलेल्या बँडेजनी पेट घेतला आणि त्यात त्या गेल्या.

आता पुन्हा डू बॉइस. १९२८ मध्ये त्यांची 'डार्क प्रिन्सेस' ही कादंबरी आली, आणि नायिका आहे भारतातल्या 'ब्वोदपूर' संस्थानची राजकन्या. नाव कौटिल्य! हस्तलिखितातला भारताचा भाग लाला लजपत राय यांच्या नजरेखालून गेला होता म्हणतात, तरी हे नाव टिकलं. मॅथ्यू टाउन्स हा काळा वैद्यकीय विद्यार्थी. गोऱ्या बायकांच्या प्रसूतीला हात लावशील म्हणून त्याला महाविद्यालय पुढे शिकू देत नाही. तो वैतागून बर्लिनला जातो आणि तिथे या राजकन्येच्या ओळखीतून जगातल्या गोऱ्येतर लोकांच्या गुप्त मंडळात पोचतो. जपानी आहेत, चिनी, इजिप्शियन, अरब, भारतीय. सगळे उंची कपड्यांतले, युरोपच्या कलेवर सहज बोलणारे. आणि जेवताना ते हळूच शंका काढतात की आफ्रिकी वंशाच्या लोकांना बंडाची पात्रता आहे का. मॅथ्यू उत्तरादाखल गुलामगिरीतलं एक गाणं म्हणतो, मोझेसला इजिप्तमध्ये धाडणारं.

हा प्रसंग मला पुस्तकातला सर्वांत खरा वाटतो. गोऱ्यांविरुद्ध एकत्र आलेल्यांच्या पंगतीतसुद्धा शेवटच्या पानावर कोण बसणार हे ठरलेलं आहे, हे डू बॉइस यांनी नेमकं हेरलं. भारताच्या बाबतीत मात्र त्यांची नजर वाड्यावरच अडकली. राजकन्या, हिमशिखरं, पुरातन रक्त. शेवटी राजकन्येला मॅथ्यूपासून मुलगा होतो आणि तो साऱ्या काळ्यासावळ्या जगाचा मसीहा म्हणून जाहीर होतो. मसीहा जन्मला आणि पुस्तक संपलं. पाळण्यातला नेता काय करणार याची वाट बघत आपण बसायचं. डू बॉइस यांना स्वतःला आपल्या पुस्तकांत हेच सर्वांत आवडतं होतं.

भारताकडून त्यांना आलेलं एक पत्र मात्र वाड्यावरून आलं नव्हतं. १९४६ च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना लिहिलं. आपण काळ्या अमेरिकनांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, तुमचं लेखन वाचलं आहे, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास अपरिहार्य आहे, असं सांगून त्यांनी नॅशनल निग्रो काँग्रेस या काळ्या अमेरिकनांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या ३१ तारखेला उत्तर पाठवलं, तुमचं नाव मला ठाऊक आहे, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला सहानुभूती आहे, अशा आशयाचं. पुढे पत्रव्यवहार वाढला असता तर? मला ती कादंबरी वाचायला आवडली असती, ज्यात बर्लिनच्या त्या मेजावर राजकन्येच्या जागी कोलंबियात शिकलेला एक महार वकील बसलेला आहे आणि जपानी पाहुण्याला विचारतो आहे की तुमच्यात कातडं कोण कमावतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन; म्हणजे धागा तुटला नव्हता. कथेत मात्र तो कोणी फारसा ओवला नाही.

उद्याची सकाळ खरोखर लिहून दाखवली ती एका खवचट माणसाने. जॉर्ज स्कायलर. १९३१ च्या 'ब्लॅक नो मोअर'मध्ये डॉ. क्रूकमन असं यंत्र काढतो की ५० डॉलर भरा, तीन दिवसांत गोरे व्हा. एका गोऱ्या मुलीने नाचायला नकार दिला म्हणून मॅक्स डिशर पहिला जाऊन रांगेत उभा राहतो. मग उडालेली त्रेधा! केस सरळ करणाऱ्यांचे धंदे बसतात, वंशोद्धाराच्या संस्थांच्या पुढाऱ्यांना कामच उरत नाही, त्यांत डू बॉइस यांचंही अर्कचित्र आहे. देश गोरा होतो. आणि मग क्रूकमनचाच शोध प्रसिद्ध होतो की यंत्रातून निघालेले लोक जन्मजात गोऱ्यांपेक्षा किंचित जास्त गोरे असतात. झालं, लोक तोंडाला सावळी पावडर फासू लागतात. मी इतका हसलो आणि मग इतका वैतागलो असं फार थोड्या पुस्तकांनी केलंय.

याच स्कायलरने पाच वर्षांनी टोपणनावाने नेमकं उलट लिहिलं. १९३५ च्या ऑक्टोबरात मुसोलिनी इथिओपियात घुसला, १९३६ च्या मेमध्ये अदिस अबाबा पडलं. 'पिट्सबर्ग कूरिअर' या काळ्या वाचकांच्या वृत्तपत्राने आपला वार्ताहर जे. ए. रॉजर्स याला थेट युद्धावर धाडलं होतं. पराभवाच्या त्या बातम्या वाचून पोळलेल्या वाचकांसाठी त्याच पत्राने नोव्हेंबरपासून डॉ. बेल्सिडसची मालिका सुरू केली. हार्लेमचा हा डॉक्टर श्रीमंत गोऱ्या बायकांवर उपचार करून पैसा जमवतो, सूर्यशक्तीवर कारखाने चालवतो, मातीविना भाज्या पिकवतो, विमानं बांधतो आणि आफ्रिकेतून युरोपला हाकलून लावतो. १९३८ च्या एप्रिलपर्यंत मालिका चालली. लोक त्यासाठी पत्र विकत घेत, आणि स्कायलर खासगीत त्याला निव्वळ थाप म्हणत असे. मला दोन्ही खरं वाटतं. बेल्सिडस जिंकतो, पण त्याच्या राज्यात एक दिवसही राहायची माझी तयारी नाही. विरोध केला की माणूस गायब. ज्या फॅसिझमने इथिओपिया गिळला त्याचीच टोपी घालून बदला घेतलेला आहे. पुढे स्कायलर कडवा उजवा झाला, त्याचं मला नवल वाटलं नाही.

तिसऱ्या पिढीत यंत्रं बाजूला पडतात आणि नदी येते, सूर येतात. हेन्री ड्यूमस आर्कान्साचा, गावाचं नाव स्वीट होम. त्याच्या 'आर्क ऑफ बोन्स' कथेत मिसिसिपी नदीच्या काठी फिरणारी दोन पोरं एक प्रचंड नौका येताना बघतात. आत शिरतात तर हाडांचे ढीग, व्यवस्थित रचून ठेवलेले. नदीत फेकल्या गेलेल्या काळ्या माणसांची हाडं. नौकेवरचे लोक ती पाण्यातून उपसून काढतायत, जपतायत. दोघांतला एक पोरगा, हेडआय, शपथ घेऊन त्या कामात सामील होतो. हे कोणाला अद्भुत वाटेल त्याने १९६४ चा उन्हाळा आठवावा. बेपत्ता झालेल्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांसाठी मिसिसिपीत शोध चालू होता, आणि नदीत सापडले हेन्री डी आणि चार्ल्स मूर, ज्यांना तोवर कोणी शोधतच नव्हतं.

ड्यूमसला सन रा या संगीतकाराचं वेड होतं, त्याची मुलाखतही त्याने ध्वनिमुद्रित केली होती. २३ मे १९६८ रोजी हार्लेमच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात एका पोलिसाने ड्यूमसला गोळी घातली. वय ३३. त्याची पुस्तकं निघाली ती सगळी नंतर, मित्राने कागद गोळा केले म्हणून आणि रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत कादंबरीकार टोनी मॉरिसन संपादक होती म्हणून.

आणि हा सन रा. जन्मनाव हर्मन ब्लाउंट, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, १९१४ चा. आपण शनीवरून आलो आहोत असं तो सांगे, आणि थट्टा केली तरी मागे हटत नसे. १९५० च्या दशकात शिकागोत त्याने मित्राच्या मदतीने 'सॅटर्न' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कव्हरं हाताने रंगवायची, चिकटवायची, कार्यक्रमाला नेऊन विकायची. कवी-नाटककार अमिरी बराकाने १९६५ मध्ये हार्लेममध्ये ब्लॅक आर्ट्सचं नाट्यगृह उघडलं तेव्हा सन राची मंडळी चमकत्या झग्यांत वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरली होती. १९७१ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात त्याने विश्वातला काळा माणूस या विषयावर वर्ग घेतला, आणि त्याच सुमारास ओकलंडमध्ये काही काळ तो ब्लॅक पँथरांचा पाहुणा होता. दोघांचं फार जमलं नाही, यात आश्चर्य काय? त्यांना इथे, आत्ता, या रस्त्यावर सत्ता हवी होती. हा म्हणत होता की हा ग्रहच मुळात तुमचा नाही.

'स्पेस इज द प्लेस' या १९७४ च्या चित्रपटात तो ओकलंडच्या एका युवक केंद्रात प्रकट होतो. पोरं त्याच्या बुटांना हसतात, आणि तू खरा आहेस कशावरून, असं विचारतात. तो म्हणतो, मी खरा नाही, तुमच्यासारखाच. तुम्ही या समाजात अस्तित्वातच नाही. असता तर समान हक्क मागत फिरावं लागलं नसतं. चित्रपट तसा भाबडा, सेट पुठ्ठ्याचे, मधला जुगाराचा भाग कंटाळवाणा. पण हा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग बघताना पोरांची तोंडं बघा. हसू जातं. शेवटी पृथ्वी फुटते आणि यान निवडक लोकांना घेऊन निघून जातं. नव्या ग्रहावरची सकाळ? नाही दाखवली. इथेही नाही.

फक्त ती फिलाडेल्फियात चालू होती. १९६८ पासून सन राची मंडळी तिथल्या मॉर्टन स्ट्रीटवरच्या घरात एकत्र राहत होती. घर मार्शल ॲलन या सॅक्सोफोनवाल्याच्या वडिलांचं. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, आणि तालीम कधीही, कितीही वेळ, मध्यरात्री उठवूनसुद्धा. स्वातंत्र्यापेक्षा शिस्त महत्त्वाची असं सन रा उघड म्हणे, आणि साठच्या दशकातल्या क्रांतिकारकांना ते झोंबे. मलाही ते सगळं पटत नाही. एका माणसाच्या मर्जीवर चाललेलं घर ते. तरी डिलेनीपासून स्कायलरपर्यंत सगळ्यांनी जो प्रश्न टाळला किंवा ज्यांना तो पुरा करू दिला नाही, त्याचा रोजचा हिशेब या घरात होत होता: कोण स्वयंपाक करणार, झगे कोण शिवणार, भाडं कुठून आणणार, आणि उद्या किती वाजता वाजवायला बसायचं.

सन रा १९९३ मध्ये गेला, त्याच्यामागून मंडळी सांभाळणारा जॉन गिलमोर १९९५ मध्ये. तेव्हापासून सूत्रं मार्शल ॲलनकडे, जो १९५८ पासून या ताफ्यात आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्याने शंभरी गाठली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिला अल्बम काढला. त्याचं नाव 'न्यू डॉन'.